मे महिन्यात गळ घरी ठेवा: होडी नसताना उजनीसारख्या पाण्यावर काठाची जागा कशी शोधायची

उजनी धरणाच्या काठी, पळसदेवच्या अलीकडे एका ओढ्याच्या तोंडाशी मी सलग तीन रविवार गळ टाकून बसलो होतो. पाणी दिसायला सुरेख, काठाला गवत, वर बाभळीची सावली. तिन्ही वेळा रिकाम्या हातानं पुण्याला परतलो. चौथ्या रविवारी शेळ्या पाण्यावर घेऊन आलेले एक आजोबा मागे येऊन उभे राहिले. जरा वेळानं म्हणाले, "पाव्हणं, हितं नुसता गाळ हाय. मासा तिकडं गाडीवाटंला असतोय." समोर तर सगळं पाणीच. त्यांनी काठीनं दाखवलं: वठलेल्या दोन बाभळींच्या मधून धरणाच्या आधीची गाडीवाट खाली जुन्या गावाकडे उतरत होती. मी सामान उचलून दीडशे पावलं सरकलो. अंधार पडेपर्यंत सात चिलापी (तिलापिया) आणि एक वाम मिळाली.

काठावरून मासे धरणाऱ्याला जागा पाण्याकडे बघून सापडत नाही, हे मला तेव्हा कळलं. जागा असते पाण्याखालच्या जमिनीत. आणि आपल्याकडची धरणं ती जमीन दर उन्हाळ्यात उघडी करून दाखवतात. म्हणून वर्षातली सगळ्यात महत्त्वाची फेरी मी मे महिन्यात मारतो, आणि त्या फेरीला गळ, रॉड, आमिष काहीच नेत नाही.

ही रीत चालते ती पुण्याच्या पूर्वेच्या पाण्यांवर. पश्चिमेला ताम्हिणी-मुळशीकडे पाऊस हजारो मिलिमीटर पडतो. तिथून शंभर किलोमीटर पूर्वेला आलं की दौंड, बारामती, इंदापूर आणि पुरंदरची पूर्वेकडची बाजू हा सगळा पर्जन्यछायेचा पट्टा, वर्षाला ५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. माळ, मुरूम, वेडी बाभूळ आणि मधेच भीमेवरच्या उजनीचं डोळ्यांत न मावणारं पाणी. नीरेवरचं वीर, जेजुरीजवळचं कऱ्हेवरचं नाझरे आणि १९७२ च्या दुष्काळापासून गावोगाव झालेले पाझर तलाव हे त्याच जातीचे. पाणी एकदम येतं, सावकाश आटतं, काठावर आडोसा नाही, वारा सरळ अंगावर. वाळवंटातल्या तळ्यांवर जी अडचण असते तीच इथे आहे: काठ एका जागी थांबत नाही. दिवाळीतली जागा संक्रांतीला कोरडी पडलेली असते. खडकवासला आणि पानशेत मी यात धरत नाही. ते शहराचं पिण्याचं पाणी आहे, तिथल्या मनाईच्या पाट्या वाचून मागे फिरावं.

घरी बसून करायचं काम

संगणकावर गुगल अर्थ उघडा आणि जुनी चित्रं दाखवणारं घड्याळाचं बटण दाबा. एप्रिल ते जूनमधली चित्रं शोधा, त्यातही दुष्काळी वर्षांची. २०२४ च्या उन्हाळ्यात उजनी उणे ६० टक्क्यांच्या आसपास गेलं होतं. त्या वर्षीचं चित्र मिळालं तर तुमच्या हातात धरणाच्या तळाचा नकाशाच आला. सेंटिनेल उपग्रहाची चित्रंही फुकट मिळतात आणि दर ५ दिवसांनी नवी येतात. ती जरा धूसर असतात, पण आजचा काठ कुठे आहे हे त्यातून नक्की कळतं.

चित्रात काय बघायचं? वळणावळणाची गडद रेघ म्हणजे ओढ्याचं जुनं पात्र. सरळ फिकट रेघ म्हणजे रस्ता किंवा शेताचा बांध. वाटोळा काळा ठिपका म्हणजे विहीर, चौकोनांचा पुंजका म्हणजे उठलेल्या गावाचे चौथरे. जमिनीचा रंगही बोलतो. तांबूस-पांढरी असेल तर मुरूम किंवा खडक, काळी गुळगुळीत असेल तर गाळ. मुरूम आणि गाळ जिथे भेटतात ती सीमा मी सगळ्यात आधी खुणावतो, कारण मासा अशा शिवेवरून फिरतो.

आता पाणीपातळीचा हिशोब. बहुतेक नवखे हा टाळतात आणि तिथेच फसतात. पेपरात "उजनी ४० टक्के" असं येतं, ती टक्केवारी उपयुक्त साठ्याची असते. धरणात एकूण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं, त्यातलं ६३ टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे उपयुक्त साठ्याच्या खालचं, हिशोबात न धरलेलं पाणी. म्हणून आकडा शून्याच्या खाली जातो आणि तरीही समोर भरपूर पाणी दिसतं. आपल्याला टक्के उपयोगाचे नाहीत, मीटर हवेत. रोजच्या पाणीपातळीच्या पत्रकात ते दिलेले असतात. उजनीचा शून्य टक्का म्हणजे ४९१.०३ मीटर आणि शंभर टक्के म्हणजे ४९६.८३ मीटर. म्हणजे "रिकामं" आणि "भरलेलं" यात उभा फरक अवघा ५.८ मीटरचा, साधारण दोन मजल्यांचा. पण जमीन इतकी सपाट आहे की तेवढ्यात काठ काही ठिकाणी किलोमीटरभर सरकतो.

याचा उपयोग असा. समजा मे महिन्यात पातळी ४८९.५ असताना पाण्याच्या कडेला तुम्हाला एक दगडी बांध दिसला. डिसेंबरात पातळी ४९६ झाली, तर त्या बांधाच्या पायथ्याशी साडेसहा मीटर पाणी आहे आणि काठ खूप मागे गेलाय. तिथे काठावरून गळ पोचणार नाही. पण त्याच बांधाचं वरचं टोक ४९४ च्या रेषेवर असेल, तर डिसेंबरात तिथे दोन मीटर पाणी असणार. ती जागा तुमची. प्रत्येक जागेला पातळीची नोंद चिकटली नाही, तर ती नोंद वाया गेली.

मे महिन्याची फेरी

पहाटे चारला हडपसर सोडलं की सोलापूर रस्त्यानं भिगवण सहापर्यंत गाठता येतं. तिथून डिकसळ, कुंभारगाव, पळसदेव, कळाशी, इंदापूर असा पट्टा आहे. एका दिवशी एकच किलोमीटर काठ घ्या, पण नीट चाला. सकाळी साडेदहाच्या आत परत फिरा. मे महिन्यात त्या उघड्या माळावर दुपार काढू नये. माणशी ४ लिटर पाणी, टोपी, घोट्याच्या वर येणारे बूट आणि हातात लांब काठी.

सुरुवात वरून करा. भरलेल्या धरणाची रेषा जमिनीवर लिहिलेली असते: वाळलेली जलपर्णी, शिंपले, काड्या, प्लास्टिकच्या बाटल्या एका ओळीत पडलेल्या दिसतात. तिथे उभं राहून खाली पाण्याकडे चालत जा आणि जमीन कशी उतरते ते पायानं समजून घ्या. जिथे उतार एकदम तीव्र होतो तिथे मोबाइलवर खूण टाका, वर तोंड करून एक आणि खाली तोंड करून एक असे दोन फोटो काढा. नंतर पाणी चढल्यावर वरच्या फोटोतली बाभूळ किंवा विजेचा खांब बघूनच तुम्हाला ती जागा ओळखता येणार आहे.

माझ्या आवडीच्या क्रमानं सांगतो. पहिली पसंती ओढ्याच्या जुन्या पात्राला, पण जिथे ते वळण घेऊन काठाच्या २५-३० मीटरच्या आत येतं तेवढ्याच ठिकाणी. मासा खोल पाण्यातून उथळ पाण्यात चरायला येतो तो याच वाटेनं. दुसरी पसंती टेकाडाच्या सोंडेला. मुरमाची सोंड पाण्यात शिरते, तिच्या टोकावर उभं राहिलं की तिन्ही बाजूंना खोल पाणी मिळतं आणि जवळजवळ नाव असल्यासारखा फायदा होतो. तिसरी पसंती गाडीवाट आणि बांध. चौथरे आणि पडक्या भिंतींत मासा पुष्कळ असतो, पण तिथे दर तिसरा गळ अडकून तुटतो. मी तिथे फक्त तरंगत्या गळानंच मासेमारी करतो.

एक जागा फारसं कुणी सांगत नाही. पाणी मागे सरलं की शेतकरी आपल्या मोटारीपर्यंत पाणी आणायला पोकलेननं चाऱ्या खोदतात. दीड-दोन मीटर खोल, सरळ, काठाला काटकोनात. पावसाळ्यात पाणी चढलं की त्या बुडतात आणि वर्ष-दोन वर्षं गाळानं भरेपर्यंत माशांचा हमरस्ता होतात. मे महिन्यात अशा प्रत्येक चारीची दोन्ही टोकं मी नोंदवून ठेवतो. गेल्या दोन हिवाळ्यांत माझे निम्म्याहून जास्त मासे चारीच्या काठावर लागलेत.

गाळपेर जमिनीही बघून ठेवा. ओलीवर केलेल्या पिकाचं धसकट जिथे राहतं, तिथे पाणी चढल्यावर पहिले काही आठवडे किडे-अळ्यांची चंगळ असते आणि मासा घोट्याएवढ्या पाण्यातही येतो.

शिशानं तळ वाचायचा

मे महिन्याची फेरी हुकली असेल, किंवा पाझर तलाव आटतच नसेल, तर तळ हातानं वाचावा लागतो. तंगुसाला, म्हणजे गळाच्या नायलॉन दोरीला, ३० ग्रॅमचं शिसं बांधा. गळ लावू नका. शिशाच्या बुडाला मेणबत्तीचं मऊ केलेलं मेण थापा. समोर फेका, शिसं पाण्याला लागल्या क्षणापासून दोरी ढिली पडेपर्यंत एका लयीत आकडे मोजा. नेमकी खोली कळली नाही तरी चालेल. डावीकडे सहा, समोर सहा आणि उजवीकडे अकरा आले, तर उजवीकडे काहीतरी आहे एवढं पुरे.

मग रॉड आडवा धरून शिसं अगदी सावकाश ओढा, डोळे मिटलेत तर उत्तम. मुरूम असेल तर रॉडच्या मुठीत खरखर येते, जात्यात भरड दळताना खुंट्याला जाणवते तशी. खडकावर टक्‌ टक्‌ आणि मधेच अडणं. गवत असेल तर दोरी रबरासारखी ताणते आणि सुटते. गाळात शिसं लोण्यात रुतल्यासारखं बसतं, निघताना जड होतं, मग काहीच जाणवत नाही. शिसं बाहेर काढून मेणाकडे बघा. वाळूचे कण, शिंपल्याचे तुकडे चिकटले असतील तर थांबा. काळा चिखल आला आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास असेल, तर तिथे तळाशी प्राणवायू नाही आणि तळचा मासाही नाही. आजोबांनी ज्या जागेवरून मला उठवलं, तिथला गाळ नेमका असाच होता.

अशा दहा-बारा फेकी पंख्यासारख्या पसरून टाका. अर्धा तास जातो. तेवढ्या वेळात मासा लागला असता असं वाटतं, पण हा अर्धा तास पुढचा अख्खा दिवस वाचवतो.

वारा, ऋतू आणि पाण्याची चाल

उन्हाळ्यात दुपारनंतर आपल्याकडे वारा बहुधा पश्चिमेकडून येतो. तो वरचं पाणी, त्यातलं बारीक शेवाळ आणि किडे पूर्वेच्या काठाला लोटतो. मागोमाग लहान मासा येतो आणि त्याच्या मागे मोठा. लाटा फुटतात तिथे पाणी गढूळ होतं, प्राणवायू मिसळतो आणि माशाला आपली सावलीही दिसत नाही. त्यामुळे वारा पाठीशी घेऊन आरामात बसण्यापेक्षा तोंडावर घेऊन बसा. फेक दहा मीटर कमी जाईल, पण मासा काठाशीच असतो. याला अपवाद एकच. वाऱ्यानं हिरव्या शेवाळाची दाट साय काठाला आणून लावली असेल आणि वास येत असेल, तर ती बाजू सोडा. उजनीत पुणे-पिंपरीचं सांडपाणी मुळा-मुठा आणि भीमेतून येतं, हे विसरून चालत नाही. अशा सायीच्या पाण्यातला मासा मी घरी आणत नाही.

इंदापुरात थेंब पडलेला नसतानाही जुलै-ऑगस्टमध्ये उजनी भरायला लागतं, कारण पाणी पुण्याच्या धरणांतून येतं. दौंडचा विसर्ग वाढल्याची बातमी आली की तीन-चार दिवसांनी नव्यानं बुडणाऱ्या गवताच्या काठाला जा. आठवड्याभराची ती चंगळ असते. नंतर गढूळ पाणी निवळेपर्यंत थांबा.

हिवाळ्यात पाणी स्वच्छ आणि गार. सकाळी मासा खोलात असतो, अकरा ते तीन काळ्या खडकाच्या उथळ काठावर ऊन खायला येतो. मग कालव्याचं आवर्तन सुटतं आणि पातळी उतरू लागते. उतरत्या पाण्यात मासा उथळ सपाटी सोडून पहिल्या खोल कडेला सरकतो, तुम्हीही सरका. पातळी रोज २ सेंटिमीटर उतरत असेल आणि जमिनीचा उतार पन्नासास एक असेल, तर आठवड्यात काठ ७ मीटर आत जातो. मागच्या रविवारची फेक याही रविवारी तेवढीच टाकलीत तर गळ कडेच्या पलीकडे जाऊन पडेल.

मे महिन्यात कुणी आग्रहानं नेलंच, तर फक्त पहाट आणि तिन्हीसांज. पाणी फार हिरवं असेल तर पहाटेपेक्षा संध्याकाळ बरी, कारण रात्रभर शेवाळच प्राणवायू वापरतं आणि उजाडताना पाण्यात तो सगळ्यात कमी असतो.

कुठल्या माशाला कुठली जागा

चिलापी उजनीत सगळ्यात जास्त आणि काठावरच्या माणसाला सगळ्यात हक्काची. ही इथली मूळची नव्हे, भारतात १९५२ मध्ये आणली गेली. मुरमाच्या उथळ काठावर ताटाएवढे वाटोळे खळगे दिसले की ती तिची घरटी. छोटा गळ, कणकेची हरभऱ्याएवढी गोळी किंवा गांडुळाचा तुकडा. मरळ पाणकणसाच्या आणि जलपर्णीच्या कडेला असते, हवा घ्यायला वर येते तेव्हा "गुप्‌" असा आवाज होतो. पण तांबूस पिल्लांचा घोळका पाण्यावर फिरताना दिसला तर त्याखाली आई-बाप राखण करत असतात, त्यांना गळ दाखवू नका. वामेला दगडांची फट आणि अंधार लागतो. शिंगाडा मासा खोल कडेच्या तळाशी. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाला, आणि कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं म्हणून त्याचं आमिष तळाला टाकून उपयोग नाही, तरंगा लावून वरच्या थरात ठेवा.

पक्ष्यांकडेही लक्ष असू द्या. सुरय एकाच पट्ट्यावर पुन्हा पुन्हा सूर मारत असेल किंवा पाणकावळे ओळीनं बुड्या घेत असतील, तर लहान मासा तिथे दाटलाय. भिगवणला रोहित पक्षी उतरलेले असतात त्या उथळ दलदलीत मात्र शिरू नका. आणि तुटलेला तंगूस काठावर टाकणं हा गुन्हा समजा. मी एका ढोकरीच्या पायातून तो कापून काढलाय. तिचं बोट काळं पडलं होतं.

माणसं आणि परवानगी

धरणांतली आणि तलावांतली मासेमारी ठेक्यानं किंवा परवान्यानं दिलेली असते. उजनीच्या काठावर शेकडो घरं त्यावर जगतात. म्हणून पोचल्यावर पहिलं काम रॉड जोडण्याचं नाही. काठावर जो भेटेल त्याला राम राम घाला आणि विचारा: "दादा, इथे गळ टाकला तर चालेल का? पास कुणाकडे मिळतो?" पाझर तलाव असेल तर ग्रामपंचायतीत चौकशी करा. थर्माकोलचे तुकडे किंवा बाटल्या तरंगताना दिसल्या की खाली कुणाची तरी जाळी आहे, तिथून ५० मीटर लांब राहा. भिगवणच्या मासळी बाजारात सकाळी लिलाव बघितला तर या आठवड्यात कुठला मासा, केवढा आणि कुठल्या बाजूचा येतोय हेही कळतं. मी तिथे दोन किलो मासे विकत घेतो आणि मगच प्रश्न विचारतो.

जिवाची काळजी

वाळून भेगाळलेला गाळ वरून टणक आणि आत पातळ असतो. काठी खुपसल्याशिवाय पाऊल टाकू नका. मांडीपर्यंत रुतलात तर ओढाताण न करता मागे आडवे व्हा आणि पाय एकेक करून सोडवा. बुडालेल्या विहिरींना कठडा नसतो. चार पावलं गुडघ्याएवढं पाणी आणि पाचव्या पावलाला तळ नाही, असं होतं. म्हणून जी जागा मे महिन्यात डोळ्यांनी बघितलेली नाही तिथे पाण्यात उतरायचं नाही, पोहता येत असलं तरी.

काठावर शेतीपंपांच्या केबली चिखलातून गेलेल्या असतात, त्यांच्या सांध्यांवर पाय देऊ नका. कार्बनचा रॉड विजेच्या तारेखाली उभा धरू नका. वळवाचे ढग उभे राहिले, गार वारा सुटला की रॉड आडवा ठेवून गाडीत जा. मे २०२४ मध्ये कुगाव ते कळाशी दरम्यान अशाच वादळी वाऱ्यात प्रवासी बोट उलटून ६ जण गेले. "पलीकडे सोडतो, या" असं कुणी प्रेमानं म्हणालं, तरी जीवरक्षक जाकीट नसेल तर नावेत पाय ठेवू नका.

सामानाबद्दल फार लिहीत नाही. आठ-नऊ फुटी रॉड, साधं रीळ, ०.२८ मिलिमीटरचा तंगूस, तीन मापांचे गळ, एवढ्यात वर्ष निघतं. उरलेले पैसे चांगल्या बुटांवर घाला.

वही मात्र हवीच. माझ्या वहीतली एक नोंद जशीच्या तशी देतो: "१४ डिसेंबर. पातळी ४९६.१०, उतरती. वारा पूर्वेचा, मंद. दुसऱ्या चारीचं वरचं टोक, खांबापासून डावीकडे ४० पावलं, १८ मीटरवर कड. मोजणी चारवरून एकदम नऊ. १२ ते २ मध्ये नऊ चिलापी, एक मृगळ. तीननंतर बंद. पुढच्या रविवारी पाच-सहा पावलं खाली."